बैसाणे सिस्टरांचं सटल

वॉर्डात शिरण्याआधी बैसाणे सिस्टर दारात उभ्या राहायच्या. हातात काही नाही, कुणाशी बोलणं नाही, नुसत्या उभ्या. घड्याळ लावून बघितलं तर एखादं मिनिट झालं असेल, पण आम्हा नव्या पोरींना ते संपता संपायचं नाही. त्या एका मिनिटात आपली कुठली चूक त्यांच्या डोळ्यांत भरतेय, एवढाच विचार डोक्यात चालायचा. मी तर मुळातच भित्री. लहानपणी पालीला भ्यायचे, शाळेत हेडबाईंना, आणि नोकरीला लागल्यावर सगळ्यांनाच, अगदी वॉर्डबॉयलासुद्धा. सिस्टरांची भीती मात्र वेगळी होती. त्या कधी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं की संपलं एकदाचं.

धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातली ही गोष्ट. दवाखान्याचं नाव सांगत नाही. मी तिथे नवीन नर्स म्हणून लागले आणि सिस्टर जनरल वॉर्डच्या इनचार्ज होत्या. मूळ पारोळ्याच्या. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे आणि त्यांच्या वस्तीतून नर्सिंगला गेलेली ही पहिली मुलगी. बुटक्या, सावळ्या, पांढऱ्या साडीच्या निऱ्या एकसारख्या, आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी मोजताना हात उलटा करावा लागू नये म्हणून ती सवय. घरी भाजी चिरतानाही घड्याळ तसंच असायचं.

त्यांच्या नाकाची तर दवाखानाभर ख्याती होती. दारात उभ्या राहूनच सांगायच्या, "सात नंबरची पट्टी सोडून बघ, जखम बिघडतेय." पट्टी सोडली की तसंच असायचं. एकदा बारा नंबरच्या आबांजवळून जाताना थांबल्या आणि मला म्हणाल्या, "जवळ ये. काय वास येतोय?" मी म्हटलं, कसलाच नाही. "नीट घे." मी पुन्हा घेतला. अगदी पुसट, पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा वास. आबांची शुगर इतकी वाढलेली निघाली की डॉक्टरांनी धावपळ करून सलाइन लावलं. दवाखान्याच्या डब्यात भरीत आलं की वांगी गॅसवर भाजलीत की कापसाच्या काड्यांवर, हे त्या डबा उघडायच्या आधी सांगायच्या. "धूर सटल आहे यात," म्हणायच्या.

हा त्यांचा शब्द. सटल.

ट्रेनिंगला असताना कुणीतरी बाहेरून आलेल्या मोठ्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं की पेशंटच्या बाबतीत सटल गोष्टींकडे लक्ष ठेवा. मराठी शाळेतून आलेल्या सिस्टरांना तो इंग्रजी शब्द काही कळेना. डिक्शनरीत बघितलं तर चार अर्थ: सूक्ष्म, तरल, नाजूक, आणि शेवटी धूर्त. त्या हसत सांगायच्या, "चारही वाचले आणि आणखीनच गोंधळले. सूक्ष्म म्हणजे काचेखाली धरून बघायचं. हे तर समोर दिसतं. तरल काय, कवितेत असतं. नाजूक म्हणजे काय, काचेची बांगडी? आणि धूर्त तर कुठल्या कुठे गेलं." किंचित म्हणून बघितलं, बारीकसं म्हणून बघितलं. त्यांना एकही पटेना. किंचित म्हटलं की माणूस दुर्लक्ष करायला मोकळा होतो, हे त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी भाषांतराचा नाद सोडला आणि तपकिरी पुठ्ठ्याच्या एका वहीत उदाहरणंच लिहायला घेतली. जिथे दिसेल तिथे. पेशंटचीही आणि घरचीही. मी ती वही एकदाच चोरून बघितली होती. मोठं, गोल, टपोरं अक्षर. एका पानावर लिहिलं होतं: "आईनं जा म्हणणं, पण पिशवी हातात न देणं." दुसऱ्या पानावर: "भांडून आलेल्या नवराबायकोनं आपल्यासमोर एकमेकांना फार गोड बोलणं." आणि मध्येच: "पाच नंबर, कालपर्यंत नातवाची वाट बघत दाराकडे तोंड करून झोपायचे, आज भिंतीकडे."

आमच्याकडे रिपोर्ट लिहायची एक रीत होती, आणि ती सगळीकडेच असते, खोटं कशाला बोलू. ड्यूटी बदलताना आधीच्या पोरीनं जे लिहिलं असेल तेच खाली उतरवायचं. 'जनरल कंडिशन फेअर, नो फ्रेश कम्प्लेंट.' मागची दहा पानं बघा, हेच. सिस्टरांना याची भयंकर चीड. त्यांच्या वॉर्डात हे वाक्य लिहायचं तर आधी कॉटजवळ उभं राहून यायचं.

मग मी शहाणी झाले. नवा शब्द मिळाला होता, तर सगळ्यांच्या रिपोर्टात मी 'सटल चेंज' लिहायला लागले. तीन दिवसांनी सिस्टरांनी बोलावलं.

"हे आठ नंबरला सटल चेंज लिहिलंयस. काय बदललं?"

"असंच, काहीतरी वेगळं वाटलं."

"वाटलं ते नको लिहू. दिसलं ते लिही. हा शब्द कुणी एकटा लिहायचा नसतो. सटल लिहिलं की पुढे दोन टिंबं दे आणि काय बदललं, कुठे बदललं, कधीपासून, ते लिही. आणि वेळ टाक. वेळ नसेल तर तो रिपोर्ट नाही."

मोठे डॉक्टर त्यांची थट्टा करायचे. राउंडला आले की सगळ्यांसमोर, लॅबचा आकडा विचारावा तसं, विचारायचे, "काय सिस्टर, आज तुमचं सटल किती? सहा पॉइंट दोन?" सगळे हसायचे. सिस्टरही थोडं हसायच्या आणि पेन काढून पुन्हा तेच लिहायच्या. माझ्यात ती हिंमत नव्हती. त्यात माझी एक फजितीही झालेली. एक नाना डोळे मिटून पडले होते आणि घशातून अडकत अडकत आवाज येत होता. मी धावत जाऊन डॉक्टरांना जेवणावरून उठवून आणलं. नानांनी डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाले, हरिपाठ म्हणतोय. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हेसुद्धा सटल का?" त्या दिवसापासून मी दवाखान्यात सटल ज्योती. कॅन्टीनचा पोऱ्यासुद्धा त्याच नावानं चहा द्यायचा. मी मनाशी ठरवून टाकलं की आता आपण काही बोलायचं नाही.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ती पोर आली.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. आठ-नऊ वर्षांची असेल. आईबाप पहाटेच निघाले होते, आधी कुणाच्या तरी गाडीवर, मग बसनं. पोटात दुखतंय एवढंच. ओपीडीत तपासलं, जंत असतील म्हणून गोळी दिली, दुपारपर्यंत ठेवून घ्या म्हणाले. साडेनऊच्या सुमाराला ती माझ्या वॉर्डात आली. मी ताप बघितला, नाडी बघितली. तिच्याशी बोलले तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं ते हनुवटी वर करून. उंच फळीवरचं काही बघावं तशी. मी कॉटच्या शेजारी उभी, तिच्या डोळ्यांच्या समोरच. तरी मान मागे टाकून बघत होती.

मला ते दिसलं. हे मी आज लपवत नाही. मला ते दिसलं आणि काहीतरी खटकलं. मी आईला विचारलं, ही अशी काय बघते?

"निजू द्या ना बाई तिले," आई म्हणाली. "बठ्ठी रात निजनी नही पोर."

झोप आली असेल, डोळे जड झाले असतील. किती सोपं होतं ते. डॉक्टर ओपीडीत होते, दहा पावलांवर. पण मला त्यांचा तो चेहरा आठवला, हेसुद्धा सटल का म्हणतानाचा, आणि माझे पाय उचललेच नाहीत. मी लिहिलं: पेशंट झोपाळलेली, रात्री झोप नाही. नो फ्रेश कम्प्लेंट. वेळ टाकली, नऊ चाळीस. आणि पुढच्या कॉटकडे गेले.

सिस्टर त्या दिवशी मीटिंगला गेल्या होत्या. अकराला आल्या. दारात उभ्या राहिल्या. मी औषधाच्या ट्रॉलीपाशी होते आणि त्यांची नजर वॉर्डभर फिरताना बघत होते. ती त्या पोरीवर थांबली. आणि मिनिट पूर्ण व्हायच्या आत सिस्टर चालत सुटल्या. मी ट्रॉली सोडून त्यांच्या मागे गेले.

"पोरी, मन्हाकडे देख," त्यांनी वाकून म्हटलं. पोरीनं हनुवटी वर केली. पापण्या निम्म्यावर आल्या होत्या, आता कुणालाही दिसल्या असत्या. "एकच दममा मोज बरं. एक, दोन, तीन."

पोरीनं मोजायला सुरुवात केली. आवाज नाकातून येत होता. सातवर तिचा दम संपला.

सिस्टर बापाकडे वळल्या. "राते कोठे निजेल व्हती ही?"

"खालेच. खाट एकच शे."

"काही चावनं?"

"नही. काहीच नही चावनं."

त्यांनी मला एवढंच सांगितलं, "डॉक्टरांना बोलाव. मण्यार आहे म्हण."

मण्यार हा साप चावला तरी पुष्कळदा कळतच नाही. दात मुंगीच्या डंखाएवढे, सूज नाही, रक्त नाही. झोपलेलं माणूस कूस बदलून पुन्हा झोपतं आणि सकाळी पोट दुखतं म्हणून उठतं. मग पापण्या मिटत येतात, म्हणून हनुवटी वर करून बघावं लागतं, मग जीभ, मग श्वास. हे मला पुस्तकात पाठ होतं. परीक्षेत मी त्यावर पूर्ण मार्क घेतले होते.

डॉक्टर आले, एकदा म्हणाले, खूण कुठे आहे, आणि मग तिच्या डोळ्यांकडे बघितलं. सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं. तोवर पोरीचा श्वास अडकायला लागला होता. नळी घातली. व्हेंटिलेटर आमच्याकडे नव्हता, दुसरीकडून मिळेपर्यंत हातानं हवा द्यायची होती. रबरी पिशवी दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. सिस्टरांनी ती पिशवी माझ्या हातात दिली. मुद्दाम दिली, हे मला नंतर कळलं. पोर पूर्ण शुद्धीत होती, फक्त तिला काहीच हलवता येत नव्हतं. मी दाबलं तर तिची छाती वर, नाही दाबलं तर काही नाही. दुपारभर मी तशी उभी होते. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. आई कोपऱ्यात बसून माझ्या हातांकडे बघत होती, तोंडाकडे एकदाही नाही.

पोर वाचली. नवव्या दिवशी चालत घरी गेली. जाताना आईनं मला पिशवीभर चारोळी दिली, मी ती घेतली आणि स्टोअररूममध्ये जाऊन रडले.

सिस्टरांनी कुणासमोर काही काढलं नाही. दोन दिवसांनी माझी नऊ चाळीसची ओळ समोर ठेवली.

"हनुवटी दिसली होती तुला?"

"हो."

"मग?"

"भीती वाटली. हसतील म्हणून."

मला वाटलं आता नोकरी जाणार. सिस्टरांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मग म्हणाल्या, "मलाही वाटते. रोज वाटते." आणि त्यांनी सांगितलं ते मी पुढे कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा सांगतेय. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्याकडे एक बाळंतीण होती. सगळं व्यवस्थित, बाळ गुटगुटीत. बाई पाणी मागत होती. यांनी दिलं. थोड्या वेळानं पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं. उन्हाळा होता, तहान लागते, असं वाटलं. आतल्या आत रक्त जात होतं. "दर दहा मिनिटांनी पाणी मागते एवढंच मला लिहायचं होतं," सिस्टर म्हणाल्या. "तिथल्या मेट्रन बाई रागीट होत्या. मी नाही लिहिलं." नंतर त्या उठल्या. मी ती ओळ खोडायला पेन काढलं तर म्हणाल्या, "खोडू नको. खाली लिही. काय दिसलं होतं, तुझ्या सहीनं."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. ते पान मला अजून दिसतं.

यालाही आता सतरा वर्षं झाली. मी लग्नानंतर जळगावला आले, इथल्याच एका दवाखान्यात आहे. सिस्टर निवृत्त होऊन पारोळ्याला गेल्या. यजमान आधीच गेलेले, मुलगी नाशिकला. वर्षातून एखाद-दोनदा मी त्यांच्याकडे जाऊन यायचे, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या आत परत. मागच्या थंडीत गेले ती वेळ सांगते.

दार उघडलं, बरं वाटलं. बुद्धाच्या तसबिरीला ताजी फुलं, घर लख्ख. चेहरा थोडा गंभीर वाटला, पण वय झालं की माणूस गंभीर होतं. भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी होती. पहिला घास घेतला आणि मी थांबले. तेल खवट होतं. जेवणात एवढं खवट तेल की कुणीही ताट बाजूला सारावं. सिस्टर समोर बसून शांतपणे जेवत होत्या. मग त्यांनी विचारलं, "धूर लागलाय का ग भरताला?"

हे त्यांनी मला विचारलं. डबा न उघडता सांगणाऱ्या बाईनं.

मी म्हटलं, छान झालंय. सगळं संपवलं. सर्दी झाली असेल, असं स्वतःला सांगितलं. किती सोपं होतं ते.

निघताना त्यांनी ती तपकिरी वही माझ्या हातात दिली. "ने तू. मला आता लिहायचा कंटाळा येतो." मग नको नको म्हणत असतानाही मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या. मी जळगावच्या गाडीत खिडकीशी बसले. त्या खाली उभ्या राहून, मुलांची चौकशी करून, चल येते म्हणून वळल्या. गाडी सुटायला अवकाश होता. मी वही उघडली. पहिली पानं मला आठवत होती तशीच, मोठं, गोल, टपोरं अक्षर. मी पुढे पुढे उलटत गेले. शेवटच्या दहा-बारा पानांवर अक्षर लहान होत गेलं होतं. ओळीच्या सुरुवातीला जरा बरं आणि शेवटाकडे मुंगीएवढं. शेवटचं पान मला वाचताच येईना.

मी मान वर केली. सिस्टर स्टँडच्या फाटकाकडे चालल्या होत्या. उजवा हात मागेपुढे होत होता. डावा हात नुसता लोंबत होता, चालण्याशी त्याचा काही संबंध नसल्यासारखा.

नाक, अक्षर, हात. तिन्ही एकत्र जुळले. कंपवाताची सुरुवात अशीच होते, असे पेशंट मी आठवड्याला बघते. आणि तरी, खरं सांगते, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच की मी वेड्यासारखं करतेय. त्या हसतील. सत्तरीतल्या बाईला जाऊन काय सांगू, तुमचा हात हलत नाही? पुढच्या वेळी बघू. फोनवर मुलीशी बोलू. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. मी दोन्ही हातांनी वही धरून बसले होते आणि मला ती पोर दिसत होती, हनुवटी वर करून माझ्याकडे बघणारी.

"थांबवा," मी म्हटलं. कंडक्टर वैतागून म्हणाला, ताई, आधी सांगायचं ना. फाटकापाशी गाडी थांबली आणि मी उतरले.

सिस्टर रस्त्याच्या कडेला होत्या. मला बघून थबकल्या. मी धापा टाकत उभी राहिले, आणि मला दुसरं कसं बोलावं ते सुचेना, म्हणून रिपोर्ट द्यावा तसंच बोलले.

"सिस्टर, तुमचा डावा हात चालताना हलत नाही. अक्षर बारीक झालंय, शेवटच्या पानांवर. आणि तेल खवट होतं, तुम्हाला वास आला नाही."

त्या हसल्या नाहीत. त्या चेहऱ्यावर मघाशी मला जे गंभीर वाटलं होतं ते गांभीर्य नव्हतं, चेहराच हलेनासा झाला होता, हे आता कळत होतं. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"मला आज दिसलं."

"मला दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "साडीची पिन लावायला वेळ लागायला लागला तेव्हा."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

त्यांनी डावा हात उजव्या हातात घेतला. "भीती वाटली," म्हणाल्या.

मी त्यांना धरून स्टँडच्या बाकावर बसवलं. मीही बसले. दोघीही घाबरलो होतो आणि दोघींनाही ते लपवायचं नव्हतं. मी म्हटलं, उद्या सकाळी जळगावला यायचं, आमच्याकडे मेंदूचे डॉक्टर बसतात, मी नंबर लावते. त्यांनी मान हलवली. मग वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्यात लिहून दे. मी तिथे गेल्यावर निम्मं गाळेन. आपल्याच बाबतीत गाळतो माणूस."

मी पर्समधून पेन काढलं. त्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षराच्या खाली लिहिलं, सटल, पुढे दोन टिंबं, आणि मग एकाखाली एक तिन्ही गोष्टी. सही केली. वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. मग मनगट आतल्या बाजूनं वळवून घड्याळ बघितलं. ते करायलाही त्यांना वेळ लागला, आणि मी मध्ये हात घातला नाही.

"वेळ टाक," त्या म्हणाल्या. "तीन वाजून दहा."